फसली, तपशील, फैसला: एका मुळाचे शब्द आणि जुन्या कागदावरचं साल

प्रश्न असा आहे. उदगीरकडच्या एका घरात निजामी अमदानीतला उर्दू कागद निघाला. वर जिल्हा बीदर, तालुका उदगीर आणि खाली तारीख '१२ खुर्दाद १३५४ फसली'. घरच्यांना तीन गोष्टी हव्यात. फसली म्हणजे फसलीचा, म्हणजे हा पिकाचा कागद आहे का? १३५४ म्हणजे इंग्रजी कोणतं साल? आणि फसल, फैसला, तपशील हे शब्द कानाला इतके जवळचे लागतात, ते एकाच घरातले आहेत का?

आधी उत्तर. 'फसली' हे तिथं सालाचं नाव आहे, कागदाचा विषय नव्हे; कागद जमिनीचा असेल, कोर्टाचा असेल, शाळेचाही असेल. तारीख १९४५च्या एप्रिलच्या मध्याची. आणि हो, तिन्ही शब्द एकाच घरातले आहेत. हे तिसरं उत्तर आधी नीट समजून घेतलं तर पहिल्या दोघांत चूक होत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळावर उभे असतात. आपलं मूळ आहे फे, स्वाद, लाम. अर्थ: वेगळं करणं, सलग असलेल्या गोष्टीत मध्ये रेघ ओढणं. 'फस्ल' म्हणजे अशी रेघ, किंवा दोन रेघांमधला भाग. वर्षाचा भाग पाडला की तो ऋतू. पुस्तकाचा पाडला की प्रकरण. शाळेतली मुलं वेगळी बसवली की वर्ग. माणसाला कामावरून दूर केलं की तेही 'फस्ल'च. दोन हाडं जिथं वेगळी होतात तो सांधा 'मफसिल', आणि युनानी हकीम संधिवाताला 'वजा-उल-मफासिल' म्हणतात तो याच मुळातून. आईचं दूध तोडलेलं उंटाचं पिल्लू म्हणजे 'फसील'. उर्दूत मात्र 'फसील' म्हणजे शहराचा तट, कारण तो आतलं आणि बाहेरचं वेगळं करतो. औरंगाबादच्या जुन्या तटाला तिथली उर्दू बोलणारी माणसं फसीलच म्हणतात. 'फासला' म्हणजे अंतर. 'फैसल' म्हणजे खरं-खोटं वेगळं करणारा, म्हणून न्यायाधीश, त्यावरूनच 'फैसला'. आणि 'तफसील' म्हणजे एकेक बाब सुटी करून मांडणं. आखाती देशात कामाला गेलेल्यांनी हा शब्द कपडे शिवण्याच्या संदर्भातही ऐकला असेल. तिथं 'तफसील' म्हणजे मापानुसार कापड बेतून शिवणं. कापड काय आणि हिशोब काय, भाग पाडल्याशिवाय दोन्ही होत नाहीत.

हा 'तफसील' मराठीत आला आणि 'तपशील' झाला. इतका मुरला की तो परका आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. बदल दोन ठिकाणी झाला. अरबी-फारसी 'फ' हा ओठ-दातांचा, हवा सोडून म्हणायचा उच्चार. तो आपल्याकडे नव्हता, म्हणून इथं त्याचा 'प' झाला. दुसरा बदल जास्त पद्धतशीर आहे: 'इ-ई'च्या आधीचा 'स' मराठीत 'श' होतो. सिपाही चा शिपाई, सिक्का चा शिक्का, फारसी ची फारशी, तसाच तफसीलचा तपशील. जुन्या मराठी कागदात 'तहशील' असंही दिसतं ते याच नियमानं. मराठवाड्यात आज 'तहसील' हा सकार टिकलेला दिसतो, त्याला कारण आहे. इथल्या कचेऱ्या १९४८पर्यंत उर्दूतच चालल्या, त्यामुळे शब्द कानावर मूळ रूपात पडत राहिला. पश्चिम महाराष्ट्रात त्याच कचेरीला मामलेदार कचेरी म्हणायची सवय होती.

इथं एका सापळ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण हौशी लोक त्यात हमखास पडतात. तहसील, महसूल, हासील आणि 'त्यात काय हशील?' मधला हशील हे सगळे दुसऱ्या मुळाचे. त्यात पहिलं अक्षर 'हे' आहे, अर्थ हाती येणं, गोळा होणं. वसूल आणि वासलात तिसऱ्या मुळाचे, पहिलं अक्षर 'वाव', अर्थ पोचणं. असल, अस्सल चौथ्या मुळाचे, पहिलं अक्षर 'अलिफ', अर्थ मूळ, पाया. फसल, हासल, वसल, असल: यमक जुळतं, नातं जुळत नाही. शेवटची दोन अक्षरं चारही ठिकाणी स्वाद आणि लाम आहेत, म्हणून घोटाळा होतो. उर्दू कागद वाचताना पहिलं अक्षर नीट पाहिलं नाही तर 'फसली'चं 'असली' आणि 'हासिल'चं 'फासिल' वाचलं जातं. त्यात कारकुनी हस्ताक्षर शिकस्ता, म्हणजे घाईच्या मोडक्या वळणाचं असेल तर नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, गळालेले असतात, आणि फे या अक्षराची ओळखच डोक्यावरच्या एका नुक्त्यावर असते.

आणखी एक. फसणे, फसवणे, फसगत यांचा या घराण्याशी काही संबंध नाही. ते आपल्याच बाजूचे, पाशात अडकण्याच्या अर्थाचे शब्द आहेत. 'फसली' साल वाचून कुणी 'फसलेलं साल' असा अर्थ लावला तर ती शुद्ध कानाची चूक.

आता मुख्य कोडं: ऋतू असा अर्थ असलेल्या शब्दाला आपल्याकडे पीक हा अर्थ कुठून चिकटला? इराणात आजही 'फस्ल' म्हणजे ऋतू आणि प्रकरण. पिकाला तिथं 'महसूल' म्हणतात. तुर्कीतही 'महसूल' म्हणजे उत्पन्न, पीक. हिंदी-उर्दूत 'फसल' म्हणजे पीक. आणि मराठीत 'महसूल' म्हणजे सरकारचा सारा. म्हणजे शेतातून जे निघतं त्यासाठीचा इराणी शब्द आपल्याकडे सरकारच्या पदरात पडणाऱ्या रकमेला लागला, आणि काळाचा शब्द शेतातल्या पिकाला. हे शेतकऱ्याच्या तोंडून झालेलं नाही. हे कचेरीच्या वहीत झालं आहे. वसुलीचे हप्ते ऋतूंवर ठरलेले; 'या फसलीचं येणं' म्हणजे या हंगामाचं येणं. हंगाम आणि त्या हंगामात उभा असलेला माल यांत वहीपुरता फरक उरला नाही, आणि शब्द सरकून पिकावर गेला. बंगालीत 'फसल', कन्नडात 'फसलु' म्हणजे पीक, ते या सरकलेल्या अर्थानंच. उदगीर, देगलूर, उमरग्याकडे सीमेपलीकडचं बोलणं कानावर असतं, त्यांना हा फसलु ओळखीचा असेल. मराठवाड्याच्या मराठीनं मात्र पीक, माल, रास हेच शब्द धरून ठेवले, आणि काढणीच्या दिवसांना 'सुगी' म्हटलं. हा सुगी पुन्हा कन्नड 'सुग्गी'शी जुळणारा. म्हणून केंद्राच्या योजनेचं हिंदी नाव 'फसल बीमा' असलं तरी आपल्या गावात ती पीक विमाच झाली.

काळ आणि पीक यांचं हे सरकणं खरीप आणि रब्बीत आणखी स्पष्ट दिसतं. अरबीत 'खरीफ' म्हणजे शरद ऋतू आणि 'रबी' म्हणजे वसंत. आपण जूनमध्ये, मृगावर पेरतो आणि त्याला शरद म्हणतो. थंडी पडू लागताना ज्वारी-हरभरा पेरतो आणि त्याला वसंत म्हणतो. उलटं वाटतं, पण नावं पेरणीवरून नाहीत, काढणीवरून आहेत. सोयाबीन, मूग, उडीद घरात येतात ते शरदात. रब्बी ज्वारीची रास होते ती वसंताच्या तोंडावर. वसूल करणारा काढणीच्या दिवसावर नजर ठेवून असतो, पेरणीच्या नाही, म्हणून हंगामाला नाव काढणीचं मिळालं. ओमानमधल्या सलाला भागात पुन्हा वेगळं: तिथं 'खरीफ' म्हणजे जून ते सप्टेंबरचा पावसाळा. मोसंबीवाल्यांचा 'बहार' हाही असाच शब्द. फारसीत बहार म्हणजे वसंत ऋतू, आपल्या बागेत बहार म्हणजे फुलोरा, मग तो मृगात का धरलेला असेना.

बाहेरच्या भाषांत हा फस्ल कुठं कुठं गेला ते पाहण्यासारखं आहे. तुर्कीत 'फसिल' म्हणजे ग्रंथाचं प्रकरण, आणि संगीतात एकाच मकामात, म्हणजे आपल्या रागासारख्या एकाच स्वररचनेत, ओळीनं बांधलेल्या रचनांची बैठक. इंडोनेशियात तो 'पसल' झाला. तिथं कायद्याच्या कलमाला पसल म्हणतात. त्यांच्या १९४५च्या राज्यघटनेत कलम ३३ म्हणजे 'पसल ३३'. मलायात बोलताना 'पसल' म्हणजे 'त्याबद्दल', 'त्या कारणानं'. तमिळात फ नाही म्हणून फसली सालाचं 'पसली' झालं. पण नेपाळीत 'पसल' म्हणजे दुकान, आणि तो या घरचा नाही. तो संस्कृत पण्यशालेतून आलेला आहे. कानावर विसंबलं तर इंडोनेशियाचं कलम आणि काठमांडूचं दुकान भाऊ ठरतील. बंगालीतला 'मफस्वल' आणि कोर्टाच्या जुन्या भाषेतला 'मोफसिल' मात्र सख्खे आहेत: मूळ 'मुफस्सल', वेगळा काढलेला, म्हणून राजधानीबाहेरचा मुलूख. उर्दूत 'मुफस्सल' म्हणजे सविस्तर. एकच रूप, एकीकडे आडगाव आणि दुसरीकडे तपशीलवार. उर्दूतला 'फसली बुखार' म्हणजे हंगामी ताप आणि 'फसली बटेर' म्हणजे हंगाम पाहून उगवणारा संधिसाधू. दोन्हींत पिकाचा नव्हे, ऋतूचा जुना अर्थ जिवंत आहे.

'फसली सन' हाही त्याच जुन्या अर्थाचा: ऋतूंना धरून चालणारं वर्ष. गरज का पडली? हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचं. दरवर्षी ११ दिवसांनी मागे सरकतं आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतं. आपल्या पंचांगात अधिक महिना टाकून हे सांभाळलं जातं, हिजरीत तसं नाही. सारा भरण्याची तारीख हिजरीत ठेवली तर काही वर्षांनी ती पेरणीच्या दिवसांत येणार. तेव्हा मोगलांनी चालू हिजरी आकडा तसाच घेतला आणि तिथून पुढे वर्ष सौर मोजायला लावलं. उत्तरेत हे अकबरानं केलं, मोजणी त्याच्या राज्यारोहणाच्या हिजरी ९६३पासून, म्हणजे १५५६पासून. दख्खनेत शहाजहाननं केलं, हिजरी १०४६पासून, म्हणजे १६३६पासून. मधल्या ८० सौर वर्षांत चांद्र वर्षं दोन-तीननं जास्त भरली होती, म्हणून उत्तरेचा फसली आणि दख्खनी फसली यांच्या आकड्यांत दोन-तीन वर्षांचा फरक राहिला. फसलीत ५९२-५९३ मिळवून इसवी साल काढायचं उत्तर भारतातल्या पुस्तकातलं सूत्र इथल्या कागदाला लावायचं नाही, ते यासाठी. आपलं सूत्र १६३६ वजा १०४६, म्हणजे ५९०.

आता प्रत्यक्ष कागद हातात घेऊन काय करायचं.

पहिलं, साल कोणत्या सनाचं ते ओळखा. उर्दूत आकड्यांखाली 'सन' या शब्दाची लांब आडवी ओढ असते आणि आकड्याच्या डाव्या बाजूला एक खूण. ती नुक्तेवाली फे असेल तर फसली. दोन डोळ्यांची 'हे' असेल तर हिजरी. हमजाची छोटी आकडी असेल तर इसवी. हीच खूण चुकली की सगळं चुकतं: हिजरी १३४५ म्हणजे १९२६-२७, फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. नऊ-दहा वर्षांचा फरक सहज पडतो, आणि आकडे एकाच टापूतले असल्यानं संशयही येत नाही.

दुसरं, आकडे. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे, पण आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे. आकडे ओळखताना मात्र देवनागरीची सवय घात करते. उर्दू पाच हा हृदयाच्या आकाराचा, घाईत लिहिला की आपल्या शून्यासारखा दिसतो. उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका. कागद डागाळलेला असेल तर नजरेतून सुटतो, आणि १३५०चं १३५ होतं. सात वर उघडा, आठ खाली उघडा, अगदी एकमेकांची उलटी प्रतिमा. झेरॉक्स उलटी धरली तर सातांचे आठ होतात. दोन आणि तीनमध्ये फक्त डोक्यावरच्या एका दात्याचा फरक. शंका असेल तर त्याच कागदावर तीच तारीख अक्षरात लिहिली आहे का ते शोधा. सनद आणि मुंतखब (इनामाचा दाखला) यांत पुष्कळदा असते.

तिसरं, महिना. हैदराबाद संस्थानात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ६ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू व्हायचं आणि महिने फारसी नावांचे होते. क्रम असा: आजूर (ऑक्टोबरपासून), दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान. प्रत्येक महिना इंग्रजी महिन्याच्या पाच-सहा तारखेच्या आसपास बदलतो. आजूर आणि दै असेल तर ५९० मिळवा. इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. बहमन दोन वर्षांत पसरलेला आहे: सुरुवातीच्या बहुतेक तारखा डिसेंबरात पडतात, त्यांना ५९०, शेवटच्या चार-पाच तारखा जानेवारीत, त्यांना ५९१. तुमचा कागद खुर्दादचा, म्हणून १३५४ अधिक ५९१, म्हणजे १९४५. खुर्दाद एप्रिलच्या पाच-सहा तारखेला लागतो, बारावा दिवस म्हणजे महिन्याचा मध्य. नेमकी तारीख हवी असेल तर त्या वर्षाची छापील जंत्री पाहावी. तिच्यात फसली, हिजरी आणि इसवी तारखा शेजारी शेजारी असतात.

सर्वांत जास्त चूक होते ती इथंच. डोळे झाकून ५९० मिळवतात. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्म २० तीर १३४५ असेल तर साल १९३६, पण ५९०च्या हिशोबानं ते १९३५ लिहिलं जातं आणि माणसाचं वय कागदावर एका वर्षानं वाढतं. पुढे एका दाखल्यावर एक साल, दुसऱ्यावर दुसरं.

दुसरी चूक नवी आहे, मोबाइलची. महिन्यांची नावं फारसी म्हणून लोक इराणी दिनदर्शिकेच्या तारीख-बदल यंत्रात ती घालतात. इराणात आजर २२ नोव्हेंबरच्या सुमारास लागतो आणि त्यांचं वर्ष मार्चमध्ये. १९४८च्या मार्चमध्ये त्यांचं १३२७ लागलं, तेव्हा हैदराबादेत १३५७ चालू होतं. नाव एक, महिना वेगळा, साल तीस वर्षांनी वेगळं. पारशी लोकांतही 'फसली' नावाची एक दिनदर्शिका आहे, ऋतूंना धरून चालणारी म्हणूनच ते नाव. पण तिचं साल यज्दगर्दी, म्हणजे इराणचा राजा यज्दगर्द याच्यापासून मोजलेलं असतं. तीही इथं चालत नाही.

तेलंगणातले आजचे पहाणी कागद पाहिलेले कुणी सांगेल की फसली १ जुलैला लागतो. तिथल्या आजच्या पद्धतीत ते बरोबर आहे. निजामी कागदाला ऑक्टोबर धरायचा. त्याहून जुन्या मोडी कागदात फसली मृगापासून, म्हणजे जूनच्या सुरुवातीपासून धरलेला सापडतो, आणि त्याच्या जोडीला सुहूर सन, म्हणजे मराठी दप्तरांत चालणारं आणखी एक साल असतं. तिथं पडताळा सोपा आहे: सुहूर आकड्यात ९ मिळवले की फसली आला पाहिजे. सुहूरात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी. शक दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवून तिसरा पडताळा घ्या. तिन्ही जुळले नाहीत तर वाचनात चूक आहे, आणि ती बहुधा एखाद्या आकड्यात असते, सूत्रात नसते.

कायद्यांच्या नावांतही हाच सन आहे. 'हैदराबाद जमीन महसूल कायदा, १३१७ फसली' म्हणजे १९०७-०८चा. कोर्टातल्या जुन्या फैसल्यात (हा शब्द पुन्हा आलाच) १३१७ पाहून कुणी तो मध्ययुगातला कायदा समजू नये.

अलीकडे कुणबी नोंदी शोधण्याच्या निमित्तानं घरोघरचे असे कागद बाहेर येत आहेत, म्हणून दोन गोष्टी जास्तीच्या. कागदावरची रक्कम बहुधा हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या स्वतःच्या चलनात असते. सात हाली रुपये म्हणजे सहा ब्रिटिश रुपये. आणि जिल्हा आजचा नसतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, किनवट आदिलाबादेत. लातूर जिल्हा १९८२चा, जालना १९८१चा, हिंगोली १९९९चा. त्याआधीचे कागद अनुक्रमे उस्मानाबाद, मुख्यतः औरंगाबाद आणि परभणी या नावांखाली शोधावे लागतात. तुमच्या कागदाच्या जोडीची नोंद मागायची असेल तर अर्जात 'जिल्हा लातूर' एवढंच न लिहिता 'तत्कालीन जिल्हा बीदर' हेही लिहा, मूळ तारीख '१२ खुर्दाद १३५४ फसली' जशीच्या तशी ठेवा, आणि तिच्यापुढे 'सुमारे एप्रिल १९४५' असं वेगळं लिहा. मूळ तारीख खोडून नुसती इंग्रजी लिहिली तर नोंद शोधणाऱ्याला वहीतलं पान सापडत नाही, कारण वही फसलीनंच लावलेली असते.